फरशीच्या आधी, स्लॅबवर

घर बांधताना : लेखांक ९

मागच्या आठवड्यात कोटा, शहाबादी, कडप्पा यांतून दगड कसा निवडायचा ते पाहिलं. आता दगड गाडीतून उतरून भिंतीला टेकवून ठेवलाय आणि मिस्त्री विचारतोय, ‘‘साहेब, उद्यापासून लावायला घेऊ का?’’ लगेच हो म्हणू नका. फरशीकाम चौरस फुटाच्या दरानं ठरतं आणि त्या दरात दगड बसवणं येतं. खालचं काँक्रीट तयार करणं बहुतेक वेळा कुणाच्याच दरात नसतं. झाडू मारायचा, दोन बादल्या पाणी ओतायचं, माल पसरायचा, की झालं. पुढे फरशी बदबद वाजायला लागली की बोल दगडाला. म्हणून दर ठरवतानाच टाच्या मारणं, धुणं आणि लेव्हल काढणं हे वेगळं लिहून घ्या. मिस्त्री कुरकुरेल, पैसे थोडे जास्त मागेल. द्यावेत.

काँक्रीट ओतून थोपटलं की जादा पाणी वर येतं आणि येताना सिमेंट-वाळूचा बारीक गाळ घेऊन येतं. पाणी उडून जातं, गाळ दुधावरच्या सायीसारखा वर धरतो. हा थर दिसायला छान गुळगुळीत असतो. खिळ्यानं जोरात ओरखडा काढा, भुसभुशीत निघेल. माल याच थराला चिकटला तर सिमेंट कितीही घाला, उपयोग शून्य, कारण थरच खालच्या काँक्रीटला धरून नसतो. त्यात गिलाव्याचे पडलेले गोळे, पुट्टीचे शिंतोडे, कुठे रंग, कुठे ऑइल. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबांची. कोरड्या स्लॅबवर चार ठिकाणी थोडं पाणी शिंपडा. दोन-तीन मिनिटांत मुरलं तर ठीक. थेंब तसेच गोळा होऊन राहिले तर तिथे काहीतरी तेलकट आहे, आणि तिथे माल धरणार नाही. इलाज एकच : छिन्नी-हातोड्यानं दाट टाच्या, मग तारेचा ब्रश, मग पाण्यानं स्वच्छ धुणं. टाच्यांमधून खडी डोकावली पाहिजे. हातभर अंतरावर एकेक ठोका मारून ‘टाच्या झाल्या’ म्हणणारे बिगारी पुष्कळ भेटतात.

आता लेव्हल. इथे घाई अजिबात नको. लेव्हल ट्यूबनं (नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना, ते आधी बघा) किंवा लेझरनं चारी भिंतींवर तयार फरशीपासून बरोबर एक मीटर उंचीची रेघ मारून घ्या. फरशीची ही उंची दाराचा उंबरा, शेजारची खोली आणि जिना यांच्याशी जुळवून ठरवायची असते. मग रेघेच्या पातळीवर आडवी दोरी ताणायची आणि खोलीत नऊ ठिकाणी दोरीपासून स्लॅबपर्यंत टेपनं मोजायचं. समजा एका जागी १०३० मिलिमीटर भरले. म्हणजे तिथे दगड आणि माल मिळून ३० मिलिमीटरच जागा. दगड २५ मिलिमीटरचा असेल तर मालाला उरले ५. एवढ्यात बसत नाही; मालाचा थर सरासरी २० मिलिमीटर तरी हवा. तो उंचवटा फोडा, नाही तर सगळी फरशीच वर घ्या. उलट कोपऱ्यात ११०० भरले तर मालाचा थर जाईल ७५ मिलिमीटरवर.

‘‘खड्डा आहे ना, माल भरून टाकू,’’ हे उत्तर इथे ठरलेलं. पण मालाला वजन असतं. एक सेंटीमीटर जाडीचा माल चौरस मीटरला साधारण २० किलो भरतो. साडेसात सेंटीमीटरचे झाले १५० किलो, वर २५ मिलिमीटरचा दगड सुमारे ६५. स्लॅबचं डिझाइन करताना फरशी आणि माल मिळून साधारण १०० ते १५० किलो धरलेले असतात. माणसं, सामान यांसाठी राहत्या खोलीला २०० किलो वेगळे. एखाद्या कोपऱ्यापुरतं असेल तर चालून जाईल, पण अख्खी खोलीच खाली बसलेली असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. शिवाय इतका जाड माल एकाच वेळी भरला की तो आकसतो आणि दगड खाली पोकळ राहतो. खोल भाग आधी भरून, पाणी मारून, कडक होऊ द्यायचा आणि मगच फरशीला हात घालायचा.

भेगा असतील तर बारकाईनं बघा. केसासारखी बारीक, दोन्ही कडा एका पातळीत, तर ती बहुधा आकसण्याची आहे; तिची चिंता नको. एक कड वर आणि एक खाली असेल तर खालचा भराव बसतोय. तळमजल्यावर मुरूम थरांथरांनी धुम्मस न करता एकदम भरला की हे होतं. आणि इमारतीत मुद्दाम ठेवलेला प्रसरणाचा सांधा असेल तर फरशीतही त्याच रेषेत सांधा ठेवावा लागतो. त्यावरून दगड आडवा टाकला तर फुटणार, मग तो कितीही जाड असो.

तळमजल्याला ओल आहे का, तेही बघायला हवं. दीड फूट चौरसाचा प्लॅस्टिकचा तुकडा स्लॅबवर ठेवून चारी कडा टेपनं बंद करा. संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी दुपारी उचला. खाली दवासारखं पाणी किंवा काँक्रीट काळपट दिसलं तर जमिनीतून ओल चढतेय. कोट्यावर तिचा परिणाम चटकन दिसत नाही, पांढऱ्या मार्बलवर मात्र पिवळे डाग उमटतात.

फरशीखालून जाणाऱ्या नळांची प्रेशर टेस्ट आणि न्हाणीघराच्या वॉटरप्रूफिंगची पाणी कोंडून केलेली परीक्षा याआधीच झालेली असावी.

शेवटी स्लरी. स्लॅब आदल्या दिवशी भरपूर भिजवायचा, आणि कामाच्या वेळी साचलेलं पाणी पुसून घ्यायचं : ओला हवा, डबकं नको. मग सिमेंटची दाट स्लरी झाडूनं घासून लावायची, नुसती ओतायची नाही. आणि दहा-पंधरा मिनिटांत मालाखाली झाकली जाईल तेवढीच. मिस्त्री सकाळीच अख्ख्या खोलीला स्लरी मारून चहाला गेला तर ती वाळते, आणि वाळलेली स्लरी माल धरत नाही. उलट माल आणि स्लॅब यांच्यामध्ये पापुद्रा होऊन बसते. वाळलेली दिसली तर खरवडून काढायला लावा.

मालाचं प्रमाण आणि दगड ठोकून बसवणं पुढच्या आठवड्यात.