जुन्या चर्चची कोपऱ्यातली भेग

२२ मे १९९७. पहाटे चार वाजून बावीस मिनिटांनी भूकंपानं जबलपूर हादरलं. मापनश्रेणीवर ५.८, आणि उगम जमिनीखाली तब्बल ३५ किलोमीटरवर. एवढ्या खोलवरचा धक्का वर येईतो मंदावायला हवा होता. तरी तीसहून अधिक माणसं दगावली. सर्वाधिक मार बसला तो मातीत रचलेल्या विटांच्या घरांना.

जबलपुरात ओमतीपासून छावणीपर्यंत फिरलं, की इंग्रजी अमदानीतल्या वीट-दगडाच्या इमारती आजही वापरात दिसतात. त्यांत चर्चचा प्रश्न वेगळा. आत उंच, मोकळं सभागृह. आडव्या भिंती नाहीत, मधले मजले नाहीत. झाकण काढलेल्या खोक्यासारखी प्रत्येक बाजू आपापली डोलते. दर्शनी भिंत बाहेर झुकते आणि घंटेचा मनोरा वेगळ्याच लयीत हलून शेजारच्या भिंतीला धक्के देतो. म्हणूनच इटलीतल्या १९७६च्या फ्रिउली भूकंपानंतर इटालियन अभियंत्यांनी चर्च सुट्या भागांत तपासायची पद्धत बसवली: दर्शनी भिंत, मनोरा, कमान, छत.

तपासणी कोपऱ्यापासून सुरू होते. दर्शनी आणि बाजूची भिंत मिळतात तिथे वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली उभी भेग असेल, तर पुढची भिंत सुटू लागली आहे असा संशय घ्यावा. भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात. ती तडकली तर भेग जिवंत आहे. हातोडीनं ठोकताना पोकळ आवाज आला, तर आतला चुना सुटलेला असतो.

उपाय जुनाच आहे. समोरासमोरच्या भिंती लोखंडी सळयांनी आवळायच्या, पोकळीत चुन्याचा पातळ गारा भरायचा, छताची लाकडं भिंतीत पक्की करायची. वरून काँक्रीटचा जड पट्टा ओतणं मात्र घातक. त्याच १९९७च्या सप्टेंबरात इटलीतल्या उंब्रियातल्या भूकंपात अशा पट्ट्यांखाली जुन्या भिंती चिरडल्या. तिथल्याच असिसीच्या बॅसिलिकात छताच्या कमानींवर साचलेला सुटा भराव भोवला. छत कोसळून चौघे गेले. दुरुस्तीत तो भराव काढून लाकूड आणि अरॅमिड तंतूंच्या हलक्या फासळ्या बसवल्या. माझ्या मते आपल्याकडच्या ठेकेदारांना जड पट्टा आणि सुटा भराव या दोन्ही गोष्टींचे परिणाम आधी दाखवायला हवेत. जुन्या भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा चढवला, की काम झालं असं समजणारे काही कमी नाहीत.

चर्च समित्यांना एक विनंती: दुरुस्तीचा अंदाज मागवण्याआधी कोपऱ्यांतल्या भेगा मोजा आणि तारीखवार नोंद ठेवा. त्याला वही, फूटपट्टी आणि काचेच्या चार पट्ट्या पुरतात.