न उतरणारा शीण

मराठीत दमण्याला शब्दांची वाण नाही. उसाचा फड उरकून आलेला माणूस दमतो, पंढरीची वाट चालून आलेला वारकरी भागतो, लग्नघरातली यजमानीण शिणते, वार्धक्यात मनुष्य थकतो, वाईट बातमी ऐकून हातपाय गळतात, तापातून उठलेल्यास ग्लानी असते. या सर्व शब्दांच्या पोटी एक गृहीत आहे. काहीतरी घडले म्हणून शीण आला, आणि पोटभर जेवून, निजून, चार दिवस गेले की तो उतरेल. परंतु पंचविशीतल्या धडधाकट तरुणास काही कारण न सापडता शीण यावा, आणि महिने उलटले तरी तो उतरू नये, याला काय म्हणावे हे आपल्या बोलीने अद्याप ठरविलेले नाही. नेमका शब्द नसला की त्याच्या जागी कोणतातरी सोपा शब्द येऊन बसतो. येथे बसलेला शब्द आहे ‘आळस’.

आमच्या बोरगावसारख्या गावात हा शब्द अधिकच बोचतो. दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा हा मुलूख कष्टाच्या मापाने माणूस मोजतो. निपाणी भागाची तंबाखू, ऊस, दारची दुभती जनावरे, शिवाय हाकेच्या अंतरावर इचलकरंजीचे माग. तालमीत घुमणाऱ्या पोराचे कौतुक होते आणि पहाटे उठून धार काढणाऱ्या सुनेचे नाव निघते, ते हाताच्या उरकावरून. येथील थकव्याची कारणे सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. तंबाखूच्या वखारीत धुरळा गिळत दिवस काढणाऱ्या बायका सायंकाळी का गळून जातात, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. निपाणीच्या या कामगार स्त्रिया संघटित झाल्या आणि त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली माहितीपटही केला. दवाने भिजलेली तंबाखूची पाने हाताळल्यावर मळमळ, चक्कर, अशक्तपणा येतो, त्यालाही शास्त्रीय कारण आहे. पानांतले निकोटीन ओल्या कातडीतून अंगात भिनते. अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात त्याला ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ असे नाव दिले. हा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. कारण ठाऊक आहे, शेवटही ठाऊक आहे, त्यामुळे अशा थकलेल्याला घर सावरून घेते.

आमचा विषय याहून निराळा आहे. पुष्कळदा सुरुवात एखाद्या साध्या तापाने होते. ताप उतरतो, पण माणूस पूर्ववत होत नाही. आठ तास झोप होऊनही सकाळी अंग जणू रात्रभर पोती वाहिल्यासारखे असते. वाचलेले डोक्यात शिरत नाही, बोलताबोलता शब्द सापडत नाही, रांगेत उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. चेहरा मात्र ताजातवाना, वजन जसेच्या तसे! मग गावचा डॉक्टर, निपाणी, आणि तेथून कोल्हापूर, मिरज अथवा बेळगाव अशी वारी सुरू होते. सीमेवरच्या माणसाला ही वारी नवी नाही. एक राज्य अर्ज करण्यासाठी आणि दुसरे औषधासाठी, अशी आपली जुनी वाटणी आहे. प्रत्येक ठिकाणी रक्त काढतात, फोटो काढतात, आणि अखेर फाईल पुढे सरकवून सांगतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत.’ घरच्यांना हायसे वाटते. ज्याचे दुखणे असते त्याच्या पोटात मात्र त्याच क्षणी गोळा येतो, कारण आता आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे त्यास कळून चुकते.

तपासण्या निरर्थक आहेत, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. त्या झाल्याच पाहिजेत, आणि पुरत्या झाल्या पाहिजेत. रक्तक्षय, थायरॉईडची मंदगती, मधुमेह, दडून बसलेला क्षय, मूत्रपिंड वा यकृताचे विकार, झोपेत श्वास अडणे, मनाची उदासीनता, ही सर्व थकव्याची कारणे आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर चांगले उपचार आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाचे तर विशेष स्मरण ठेवावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील व खेड्यांतील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००६ साली ती प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले, आणि शाकाहाराशी त्याचा जवळचा संबंध दिसला. आपल्या भागात जैन व लिंगायत शाकाहारी घराणी पुष्कळ आहेत, आणि ही तपासणी नेहमीच्या यादीत असतेच असे नाही. ती मागून घ्यावी.

तथापि हे सर्व पाहूनही काही माणसे उरतात. त्यांच्याविषयी आपल्या शेजारच्या गोव्यात एक महत्त्वाचे काम झाले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातील १८ ते ५० वयाच्या स्त्रियांची पाहणी केली आणि २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचे निष्कर्ष मांडले. जवळजवळ अडीच हजार स्त्रियांपैकी १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिने वा त्याहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. आपल्याकडे बाई थकली म्हटले की ‘रक्त कमी असेल’ हे उत्तर ठरलेले. या पाहणीत मात्र हिमोग्लोबिनचा आणि थकव्याचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो कमी शिक्षण, कुटुंबावरील कर्ज, उपासमार, नवऱ्याची वागणूक आणि मनावरील ताण यांच्याशी. लोहाच्या गोळ्या वाटून कर्ज फिटत नाही, हे एरवी आपणांस ठाऊक असते. दवाखान्यात गेल्यावर ते विसरले जाते.

या निष्कर्षाचा एक उलटा अर्थ काढला जाण्याचा धोका आहे, आणि तो सुशिक्षित घरांतच अधिक आहे. ‘म्हणजे हे मनाचेच खेळ!’ असे म्हणून लोक मोकळे होतात. गोव्याच्या पाहणीने थकव्याची तक्रार मोजली. प्रत्येकीच्या रोगाचे निदान करणे हा तिचा हेतू नव्हता. थकवा हा एकच शब्द अनेक निरनिराळ्या अवस्थांना पांघरलेला आहे. त्यांतली एक अवस्था स्वतंत्र शारीरिक आजार आहे, ही गोष्ट वैद्यकाने फार रखडत मान्य केली.

१९५५ सालच्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात विचित्र साथ पसरली. सुमारे तीनशे जण आजारी पडले. त्यांत बहुसंख्य तेथील नोकरवर्गच होता, आणि तरुण परिचारिका पुष्कळ होत्या. रुग्णालय काही महिने बंद ठेवावे लागले. कित्येकांचा शीण पुढे दीर्घकाळ गेला नाही. पंधरा वर्षांनी, १९७० साली, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे चाळून हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असल्याचे जाहीर केले. रोगी बहुतांशी स्त्रिया होत्या, हे त्यांना एक प्रमाण वाटले. १९८८ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी या दुखण्याला ‘दीर्घ थकवा लक्षणसमूह’ अशा अर्थाचे नाव दिले. नाव मिळाले, पण तेही असे की ऐकणारा म्हणे, थकवा तर मलाही येतो! २०१५ साली अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने हजारो शोधनिबंध तपासून हा गंभीर शारीरिक आजार असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या असंख्य तरुणांत हेच चित्र दिसू लागले, तेव्हा कोठे संशोधनास वेग आला.

त्या २०१५ च्या अहवालात या आजाराची जी ओळख सांगितली आहे, तिच्या केंद्रस्थानी एक खूण आहे, आणि ती घरबसल्या पाहता येते. दमलेला माणूस काम थांबविले की सावरतो. या रोग्याला कामाचा फटका नंतर बसतो. कधी त्याच सायंकाळी, पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. सोमवारी लग्नाला जाऊन हसतखेळत पंगतीत वाढणारी मुलगी बुधवारी अंथरुणातून उठू शकत नाही. सोमवारी तिला पाहिलेले लोक बुधवारी तिला ढोंगी ठरवितात! याच्या जोडीला सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची शक्ती घटलेली असणे, झोपेने ताजेपणा न येणे, आणि स्मृती-विचारांतला गोंधळ किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास यांपैकी काही असणे, अशी ही ओळख आहे.

या खुणेमुळेच आपला सर्वांत आवडता सल्ला घातक ठरतो. ‘जरा हिंडफिर, जोर-बैठका मार, अंगात रग येईल’ हे तालमीच्या गावात कोण सांगत नाही? व्यायाम रोज थोडाथोडा वाढवावा, असे डॉक्टरही दीर्घकाळ सांगत आले. पुष्कळ रोग्यांनी त्याने प्रकृती ढासळल्याचे सांगितले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने या आजारासाठी तशी ठरावीक चढती कसरत देऊ नये, असे स्पष्ट केले. पूर्वीच्या कसरतपटूला हे पथ्य सर्वांत जड जाते. चांगला दिवस उजाडला की तो आठवड्याची कामे उरकू पाहतो आणि पुढचा आठवडा गमावून बसतो.

त्यावर तूर्त जो उपाय आहे तो आपल्या आजीच्या तोंडी होता: अंथरूण पाहून पाय पसरावे. येथे अंथरूण म्हणजे त्या दिवशीची शक्ती. धुणे एका दिवशी, बाजार दुसऱ्या दिवशी. भाजी बसून चिरायची. काम संपण्यापूर्वी नव्हे, दम संपण्यापूर्वी थांबायचे. शक्तीचे भांडवल शिल्लक ठेवून खर्च करणे, एवढाच त्याचा मतलब. हा आजार ओळखणारी रक्ताची तपासणी आजही नाही, आणि तो समूळ बरा करणारे औषधही नाही. झोप, वेदना, चक्कर यांवर मात्र डॉक्टर उपचार करू शकतात, आणि काही जण कालांतराने बरेच सुधारतात.

एकत्र कुटुंबात हे पथ्य एकट्याने पाळता येत नाही. थोरल्या जावेने पाणी भरायचे आणि धाकटीने निजायचे, यातून धुसफूस होणारच. तेव्हा सासूबाईंनी किंवा घरच्या कर्त्याने एकदा सर्वांसमक्ष कामाची वाटणी करून द्यावी. रोज नव्याने परवानगी मागण्यात रोग्याचे अर्धे बळ जाते. लग्नाच्या मुलामुलींची गोष्ट याहून नाजूक. पुष्कळ घरे दुखणे झाकतात. झाकलेले दुखणे सासरी पहिल्या श्रावणातच उघडे पडते, आणि मग ते फसवणूक म्हणून उघडे पडते. आधी सांगितल्याने एखादे स्थळ जाईल. ते जाऊ द्यावे, असे माझे मत आहे.

पुढच्या वेळी मोठ्या दवाखान्यात जाण्यापूर्वी महिनाभर एक वही लिहावी. डॉक्टरांपाशी वेळ थोडा असतो आणि ‘थकवा येतो’ एवढ्या शब्दांवर ते काही ठरवू शकत नाहीत. झोप किती झाली, उठल्यावर कसे वाटले, किती वेळ उभे राहता आले, हे रोज दोन ओळींत टिपावे. ज्या दिवशी अंथरूण धरावे लागले, त्या तारखेपुढे मागच्या तीन दिवसांत काय काय काम केले होते, ते अवश्य लिहावे. आणि डॉक्टरांसमोर वहीचे तेच पान आधी उघडावे.