वसतिगृहांतील मतदार

इ. स. १९८९ च्या मार्चांत एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलांत आली व मतदानाचें वय २१ वरून १८ वर उतरलें. मुलें कॉलेजांत पाऊल टाकतात, सुमारें त्याच वयांत हा हक्क त्यांच्या हातीं येतो. पण आमच्या घरांतून काय घडतें? मुलगा पुण्यास वसतिगृहांत, नांव गांवच्या यादींत, किंवा कोठेंच नाहीं! परीक्षा जवळ आली, प्रवासखर्च कशाला, म्हणून वडीलच कळवितात, ‘येऊं नकोस.’

वास्तविक विद्यार्थ्यास घर किंवा वसतिगृह, कोठेंही नांव नोंदवितां येतें. मात्र एकाच ठिकाणीं. नव्या नांवासाठीं नमुना ६, गांवचें नांव हलवावयाचें तर नमुना ८; वसतिगृहाच्या पत्त्यासाठीं सोबत कॉलेजच्या प्रमुखांचा दाखला. सतरा वर्षें पुरीं झालेल्यांसही आगाऊ अर्जाची मोकळीक आहे. प्रवेशाच्या वेळींच कॉलेजांनीं हे नमुने पुढें ठेवले तर निम्में काम होईल. (नागरिकत्वावरील व्याख्यानें पुष्कळ झालीं.)

वडीलधाऱ्यांनीं नांव नोंदविलें कीं नाहीं हें अवश्य विचारावें. मत कोणास दिलें, हें विचारूं नये. सर्वांचीं मतें एकाच पेटींत पडावीं असा आग्रह धरणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. तेथें मतदानाची गुप्तता सुनेस जितकी उपयोगी, तितकीच मुलासही.