एम्फिसीमाची शस्त्रक्रिया: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फुफ्फुसाचा भाग कापून टाकला तर आधीच अपुरा पडणारा श्वास अधिकच तुटेल, ही समजूत वरकरणी तर्कशुद्ध वाटते. परंतु एम्फिसीमात वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन हवा आत कोंडते, फुगलेल्या फुफ्फुसाखाली श्वासपटल सपाट होते आणि जो भाग अद्याप शाबूत असतो त्यालाच प्रसरणास जागा उरत नाही, म्हणून प्रत्येक बाजूचा सुमारे २० ते ३० टक्के निकामी अंश काढल्यास उरलेला भाग पुन्हा कामास लागतो. बाल्टिमोरच्या ओटो ब्रँटिगन यांनी १९५० च्या दशकात हा प्रयोग केला, मृत्यू फार झाल्याने तो मागे पडला, आणि १९९० च्या दशकात जोएल कूपर यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले.

मात्र हा इलाज सर्वांना लागू पडतो, हा उलट गैरसमजही तितकाच घातक होय. अमेरिकेत १,२१८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा २००३ सालचा निष्कर्ष असा की, विकार मुख्यतः वरच्या खंडात आणि व्यायामक्षमता क्षीण, अशांचेच आयुष्य वाढले. श्वासक्षमता अतिशय खालावलेल्या आणि विकार सर्वत्र सारखा पसरलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेने मृत्यूच वाढले.

उत्तर कन्नडमधील जोयडा तालुक्यात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. अणशी-कुंभारवाड्याकडील ज्या बाईने विडीला कधी हात लावला नाही, पण जन्मभर चुलीचा धूर सोसला, तिचे दुखणे बहुधा वायुमार्ग आकसल्याचे असते, एम्फिसीमाचा अंश त्यात कमी. तेव्हा सीटी स्कॅन आणि श्वासक्षमतेची तपासणी झाल्यावाचून, बेळगाव, हुबळी वा बांबोळी कोठेही गेले तरी, शस्त्रक्रियेचा विचार करणे अयोग्य ठरेल.

शस्त्रक्रियेऐवजी श्वासनलिकांत दुर्बिणीतून बसवायच्या झडपांना छातीवर छेद लागत नाही, म्हणून त्या निर्धोक, असेही नव्हे: फुफ्फुसाबाहेर हवा साठण्याची आपत्ती बऱ्याच रुग्णांवर ओढवते, आणि खंडाखंडांमधून हवा झिरपत असल्यास झडप व्यर्थ जाते. प्रत्यारोपण हा अखेरचा मार्ग. त्यानंतर निम्मे रुग्ण सुमारे सहा वर्षे जगतात, तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आजन्म घेऊन.

शस्त्रक्रिया ठरली म्हणजे तूर्त विडी ओढण्यास हरकत नाही, असे मानणाऱ्याने लक्षात घ्यावे की, धूम्रपान कित्येक महिने पूर्ण बंद असल्याखेरीज आणि श्वसनाचे व चालण्याचे व्यायाम आधी नेटाने केल्याखेरीज कोणताही जबाबदार शल्यविशारद त्यास शस्त्रक्रियेस घेणार नाही. आणि हे व्यायाम, एकदा नीट शिकून घेतले की, घरच्या अंगणातही चालू ठेवता येतात.