उंसाची ओढ व यंत्राचा धूर

परळी वैजनाथहून अंबाजोगाईकडे बालाघाटाचा चढ लागला, कीं दोन ट्रॉल्या उंस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा धूर काळा पडतो. चालक पाण्याचा कांटा पाहून निश्चिंत. पण धुराचा ताप त्या कांट्यास चटकन कळत नाहीं. डिझेल वांचावें म्हणून वरचाच गियर ठेवला, कीं यंत्र दबतें. तेल पुष्कळ, हवा थोडी, आणि ताप चढतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें. पिस्टन त्याच्याच मिश्रणाचा! आमच्या शेजाऱ्यानें असाच पिस्टन गमावून ऐन हंगामांत कर्ज काढलें. वांचलेल्या डिझेलाचा हिशेब आम्हीं मग त्यांस विचारला नाहीं. चढापूर्वींच खालचा गियर घालावा. हवेच्या फिल्टरांत धूळ सांचूं देऊं नये. टर्बो असल्यास थांबल्यावर यंत्र दोन-तीन मिनिटें मंद चालवावें, मगच बंद करावें. नाहींतर आंतील वंगण जळतें.