जुन्या पेटीची ओळख

पुष्कळ घरांच्या माळ्यावर किंवा एखाद्या अंधाऱ्या खोलीत पूर्वजांची सागवानी पेटी पडलेली असते. एके काळी तीत लुगडी, दागिने आणि शेतजमिनीचे कागद जपून ठेवीत. पुढे लोखंडी कपाटे आली आणि पेटी अडगळीत गेली. घराची रंगरंगोटी निघाली, की ती मोडीत घालावी किंवा घासून नव्यासारखी करावी, असे दोनच विचार सुचतात. परंतु त्यापूर्वी पेटीची नीट ओळख करून घ्यावयास हवी. कारण एकदा पुसलेली खूण पुन्हा उमटविता येत नाही.

पेटीवर बहुधा सन कोरलेला नसतो. तरीही तिच्या वयाच्या खुणा तिच्या अंगावरच असतात. त्यांसाठी तिची आतली व तळाची, रंग न दिलेली बाजू पाहावी. हाताने ओढलेल्या करवतीचे ओरखडे सरळ असतात, तर यंत्रावरील गोल करवतीचे ओरखडे कमानीसारखे वाकलेले दिसतात. लोहाराने घडविलेला खिळा चौकोनी व ओबडधोबड असतो. तारेपासून केलेले गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरू लागले. यंत्रावर केलेले टोकदार स्क्रू १८५० च्या सुमारास आले. त्याआधीच्या स्क्रूंची टोके बोथट असत. तळास प्लायवूड आढळले, तर निदान तेवढा भाग विसाव्या शतकातील समजावा. मात्र एकाच खुणेवरून निर्णय करू नये. जुन्या पेटीस नवे कुलूप बसविलेले असते आणि जुन्या फळ्यांची नवी पेटीही करतात. सर्व खुणा एकमेकींशी जुळल्या, तरच अनुमान भरवशाचे होय.

पेटीचे मोल केवळ वयावर ठरत नाही. लाकूड, कारागिरी, दुर्मीळपणा आणि मूळ भाग किती शाबूत आहेत, या सर्वांचा विचार होतो. ती कोणी करविली, कोणत्या गावाहून आली, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. असा वृत्तान्त माहीत असणे हाही मोलाचाच भाग आहे. आपल्या देशात १९७२ साली झालेल्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्यांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती परदेशी पाठविण्याची खासगी व्यक्तीस मनाई आहे.

दुरुस्ती करताना शक्य तितके थोडे करावे. प्रथम मऊ, कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. लाकडाच्या छिद्रांतून ताजी भुकटी गळत असेल, तर कीड जिवंत आहे असे समजून तिचा बंदोबस्त आधी करावा. जुने सांधे पुष्कळदा सरसाने जोडलेले असतात. सरस ऊब व ओलावा यांनी मऊ होतो. म्हणून सरसाने जोडलेला सांधा पुढे कोणासही फळी न फोडता सोडविता येतो. आधुनिक चिकट द्रव्यांनी ही सोय बहुधा उरत नाही. तसेच रंधा किंवा काचकागद मारण्याची घाई करू नये. वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आलेली गडद झळाळी पृष्ठभागाच्या पातळ थरात असते. तो थर तासला, की नवे लाकूड दिसते. परंतु पेटीचे वय व मोल दोन्ही भुशात जातात.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे अशा नित्याच्या वापरातील वस्तू मांडलेल्या आहेत. त्या मोडीत जाण्यापूर्वी कोणीतरी त्यांकडे लक्षपूर्वक पाहिले, म्हणून आज त्या आपणांस पाहावयास मिळतात. प्रत्येक घरातील पेटी संग्रहालयात जाणार नाही, हे खरे. परंतु ती घडविणाऱ्या सुताराचे नाव बहुधा कोठेही लिहिलेले नसते. त्याच्या हाताची साक्ष त्या करवतीच्या ओरखड्यांत आणि सांध्यांतच उरलेली असते. ती सांभाळणे आपल्या हाती आहे.