पाखरांच्या पोथीची पाच शतकं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने १९६३ साली घेतलेल्या एका फारसी पोथीत आठ चित्रं आहेत. चार हेरात शहरातली, पंधराव्या शतकातली. उरलेली चार इराणच्या शाह अब्बासच्या चित्रशाळेतली, शंभरावर वर्षांनी काढलेली. मधल्या काळात राजघराणं बदललं, राजधानी बदलली, दरबाराचा पंथही सुन्नीचा शिया झाला. तरी पोथी टिकली. तिचा मागोवा घेताना जाणवतं, की तिला जपलं ते वाचकांपेक्षा मालकांनी.

पोथीतलं काव्य फरीदुद्दीन अत्तारचं. बाराव्या शतकातला हा निशापूरचा सूफी कवी औषधं आणि सुगंधी द्रव्यं विकत असे. त्याचं ‘मंतिक-उत-तैर’ सुमारे साडेचार हजार द्विपदींचं. सुरुवातीला ईश्वराची आणि पैगंबरांची स्तुती, मग चारही खलिफांना वंदन, आणि कोणता खलिफा श्रेष्ठ यावरून भांडणाऱ्यांची खरडपट्टी. त्यानंतर पाखरं आपल्या राजाच्या, सीमुर्गाच्या शोधात निघतात. हुदहुद पक्षी त्यांचा वाटाड्या. शोध, प्रेम, ज्ञान, निरिच्छता, एकत्व, विस्मय आणि विलय अशी सात खोरी ओलांडताना बहुतेक पाखरं गळतात. तीस पोहोचतात, आणि त्यांना समोर स्वतःचंच रूप दिसतं. वाटेत हुदहुद त्यांना गोष्टी सांगत राहतो. काव्याचा जीव त्या गोष्टींत आहे.

ही प्रत १४८७ साली लिहून पूर्ण झाली. हेरातच्या तख्तावर तेव्हा तैमूरच्या वंशातला सुलतान हुसेन बायकरा होता. लेखनिक सुलतान अली मशहदी. नस्तलीक अक्षरात त्या काळी त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शहरात जामीसारखा कवी आणि मीर अली शेर नवाईसारखा दरबारी लेखक होता. दोघेही नक्शबंदी सूफी परंपरेतले. नवाईला तर अत्तारच्या या काव्याचा लहानपणापासून ध्यास. १४९९ मध्ये त्याने चगताई तुर्कीत त्याला जोड देणारं स्वतःचं काव्य रचलं. अशा शहरात सूफी मार्ग म्हणजे गुहेतलं एकांतव्रत नव्हतं. तो बाजारातून आणि दरबारातून जात होता.

हेरातच्या चित्रांत तेच दिसतं. एका चित्रात भलीमोठी दाढी असलेला माणूस पाण्यात गटांगळ्या खातोय. काठावरचा म्हणतो, डोक्यावरचं ते पोतं फेकून दे. बुडणारा सांगतो, पोतं नाही, दाढी आहे. धार्मिकतेच्या मिरवणुकीवर याहून नेमका टोला कोणता? चित्रकाराने समोर लाकडं कापणारी माणसं काढली. त्यांचं काम चालूच आहे. दुसऱ्या चित्रात बापाच्या शवपेटीपुढे मुलगा आक्रोश करतो, की असा दिवस माझ्यावर कधी आला नव्हता. सूफी उत्तरतो, तुझ्या बापावरही नव्हता आला. वरच्या बाजूला कबर खोदणारे घाम गाळताहेत. शेख अबू सईद आणि नांगरणारा म्हातारा यांच्या चित्रात तर उपदेश करतो तो शेतकरी. नामांकित शेख ऐकून घेतो.

सगळी चित्रं तेव्हा पुरी झाली नाहीत. १५०७ मध्ये उझबेकांनी हेरात घेतलं. पुढे उझबेक आणि शाह अब्बासचं सफवी घराणं यांच्यात शहराची ओढाताण चालली. १५९८ मध्ये अब्बासने ते परत जिंकलं. १६०० च्या सुमारास त्याच्या कारागिरांनी ही पोथी नव्याने सजवली. जैनुल आबिदीन तबरीजीने सोनेरी-निळी वेलबुट्टी काढली, आणि उरलेल्या चित्रांचं काम पार पडलं. त्यांतलं पक्ष्यांच्या सभेचं चित्र सावा गावच्या हबीबुल्लाहचं. जुन्या हेरात शैलीचा आब त्याने राखला, पण कोपऱ्यात बंदूकधारी शिकारीही घातला. अत्तारच्या काळात बंदूक कुठली?

मग अब्बासने १६०८-०९ मध्ये पोथी अर्देबीलच्या दर्ग्याला वक्फ केली. तिथे त्याच्या घराण्याचा मूळपुरुष, सूफी शेख सफीउद्दीन, चिरनिद्रेत होता. अकराशेहून अधिक चिनी भांडीही अब्बासने याच दर्ग्याला दिली. विसंगती बोलकी आहे. सूफी पीराच्या या वंशजाने १५९३ च्या सुमारास नुक्तवी दरवेशांचा पंथ निर्दयपणे मोडून काढला होता. सूफींचा ग्रंथ पूर्वजांच्या चरणी वाहायचा आणि डोईजड झालेल्या पंथाला चिरडायचं, या दोन्ही गोष्टी एकाच राजाला जमल्या. चारही खलिफांना वंदन करणाऱ्या सुन्नी कवीचं काव्य शिया दर्ग्यात गेलं, तेही राजाच्या हातून.

अर्देबीलच्या वक्फ पोथ्यांवर अट लिहिलेली आढळते: कुणीही वाचावी, मात्र दर्ग्याबाहेर नेऊ नये, नेणारा इमाम हुसेन यांच्या रक्तपाताचा भागीदार ठरेल. ही अट टिकली नाही. १८२८ मध्ये रशियन सैन्याने अर्देबीलच्या ग्रंथसंग्रहातल्या बऱ्याच पोथ्या सेंट पीटर्सबर्गला नेल्या. १५३९-४० मध्ये विणलेला दर्ग्याचा प्रसिद्ध गालिचा विकला गेला आणि १८९३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पोहोचला. पाखरांची पोथी अखेर न्यूयॉर्कला स्थिरावली.

प्रत्येक मुक्कामी तिचं मोल वाढलं आणि ती हाताळणारे हात कमी झाले. राजग्रंथालयातून दर्ग्यात, दर्ग्यातून काचेमागे. २०१७ पासून मेट्रोपोलिटनने आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रं सगळ्यांना मोफत वापरायला दिली, त्यामुळे हबीबुल्लाहची पाखरं आता कुणीही डोळे भरून पाहू शकतं. वक्फाच्या अटीचा पहिला भाग, सगळ्यांना खुली असण्याचा, काही अंशी तरी खरा झाला. त्यासाठी दुसरा भाग मोडावा लागला.